एदेनची बाग आणि उत्तानपादाची मांडी : मराठी कथेतील बालपणाचा शेवट

वसई तालुक्याच्या किनारपट्टीवर निर्मळ, गिरीज, कळंब या गावांच्या परिसरात वसलेले भुईगाव आज पालघर जिल्ह्यात मोडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकेपर्यंत, हा मुलूख पोर्तुगीज अमलाखाली होता आणि त्या दोन शतकांत येथील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांपैकी सामवेदी किंवा कुपारी म्हणून ओळखला जाणारा कॅथलिक समाज घरात कादोडी बोली बोलतो, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो आणि शेजारच्या हिंदू वाडवळ व कोळी घरांशी पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्म पाळतो. अशा गावात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर बालपणाविषयीच्या दोन वेगळ्या गोष्टी लहानपणीच पडतात. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ते आदाम-एवेची आणि एदेन बागेची गोष्ट ऐकते, तर मराठी शाळेत आणि शेजाऱ्यांच्या घरी त्याला ध्रुवबाळाची गोष्ट भेटते. भुईगावात जन्मलेले थॉमस डाबरे १९९८ साली नव्याने स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले आणि त्यांनी डॉक्टरेटसाठी अभ्यास केला तो तुकाराम महाराजांच्या ईश्वरानुभवाचा. या दोन परंपरा एकाच मनात किती सहज नांदू शकतात, हे त्यावरून कळते.

या प्रकरणाचा विषय आहे लघुकथेतील बालपणाच्या निरागसतेचा अंत. निरागसता म्हणजे जगातील कपट, भेदभाव, वासना आणि मृत्यू यांची ओळख होण्यापूर्वीची मनाची अवस्था, असा सर्वसाधारण समज आहे. ही अवस्था संपते कशी आणि ती संपवते कोण, या प्रश्नाला एदेनची गोष्ट एक उत्तर देते आणि ध्रुवाची गोष्ट दुसरे. आधुनिक मराठी कथेने बहुतेक वेळा दुसऱ्या उत्तराची वाट धरली, असे येथे दाखवायचे आहे.

सातव्या वर्षाची रेघ

मूल जाणते केव्हा होते, हे ठरवण्याची गरज धर्मालाही भासली आहे आणि कायद्यालाही. कॅथलिक चर्चच्या धर्मकायद्यानुसार सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बरेवाईट कळते असे गृहीत धरले जाते. या टप्प्याला विवेकबुद्धीचे वय म्हणतात. पोप दहावे पायस यांनी ऑगस्ट १९१० मध्ये काढलेल्या आज्ञापत्राने प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराचे वय याच सुमारास आणून ठेवले, कारण त्यापूर्वी अनेक देशांत मुलांना दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक वर्षे थांबावे लागत असे. हा संस्कार घेण्याआधी मुलाने धर्मगुरूसमोर आपल्या पापांची पहिली कबुली द्यायची असते. म्हणजे पांढरा पोशाख घालून वेदीपाशी जाण्याचा मान मिळवायचा, तर आपल्या हातून पाप घडू शकते हे त्या मुलाने आधी मान्य करावे लागते.

भारतीय दंडविधानाने १८६० साली हीच रेघ ओढली. त्याच्या ८२ व्या कलमानुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नसे आणि ८३ व्या कलमानुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याला आपल्या कृत्याचा अर्थ कळत होता की नाही, हे पाहावे लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही २० व्या आणि २१ व्या कलमांत ही तरतूद कायम आहे. धर्मशास्त्राने ब्राह्मण बटूच्या मुंजीसाठी गर्भापासून आठवे वर्ष सांगितले, तेही जवळपास याच वयावर येऊन ठेपते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीवरील आपल्या १९३२ च्या ग्रंथात असे मांडले की, लहान मुले नियम हे वरून आलेले आणि न बदलणारे मानतात, चूक किती मोठी हे झालेल्या नुकसानीवरून ठरवतात, आणि मग हळूहळू हेतूचा विचार करू लागतात.

या सर्व व्यवस्थांना एक तारीख हवी असते, कारण संस्कार करायचा, खटला चालवायचा किंवा शाळेत नाव घालायचे तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते. कथाकाराला ही सक्ती नसते. कथेतले मूल पाचव्या वर्षी जाणते होईल किंवा पंधराव्या वर्षीही अजाण राहील. ज्या क्षणी त्याला काही कळले तो क्षण नेमका कशामुळे आला, एवढेच कथा पाहते. एखाद्या क्षणावर सारे बळ एकवटणे हे लघुकथेचे अंगभूत वैशिष्ट्य असल्यामुळे कादंबरीपेक्षाही हा विषय तिला अधिक मानवला.

तीन जुने साचे

मराठीत एदेनची गोष्ट विस्ताराने आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापल्या गेलेल्या या सुमारे ११,००० ओव्यांच्या काव्यात ख्रिस्ती धर्मकथा पुराणाच्या थाटात सांगितली आहे. एदेनच्या साच्यात निरागसता ही देवाने दिलेली स्थिती असते, ज्ञानाचे फळ खाण्यास मनाई असते, माणूस ती मनाई मोडतो, आणि डोळे उघडताच त्याला स्वतःची लाज वाटते. निरागसतेचा अंत येथे स्वतःच्या कृतीमुळे होतो, त्यामुळे कळणे आणि दोषी असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

गोकुळाचा साचा याच्या अगदी उलट आहे. बाळकृष्ण लोणी चोरतो, खोटे बोलतो, माती खातो आणि तोंड उघडून दाखवताना यशोदेला त्यात विश्व दिसते. येथे खोडी म्हणजे लीला असते, त्यामुळे गमावण्यासारखे काही नसतेच. तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितले ते मोठेपणाबरोबर येणारे तडाखे टाळून नम्र राहता यावे म्हणून. त्यातही वयाचा प्रश्न नव्हता. या साच्यातून गवळणी आणि अभंग निघाले, पण आधुनिक कथेला लागणारा तिढा त्यात नाही.

तो तिढा आहे ध्रुवाच्या आख्यानात. भागवताच्या चौथ्या स्कंधातील ही कथा मराठी घरांत अढळपदाची कथा म्हणून सांगितली जाते आणि सांगताना भर असतो तो तपश्चर्येवर, नारदाच्या उपदेशावर आणि आकाशातील ताऱ्यावर. तिची सुरुवात मात्र एका घरगुती प्रसंगाने होते. राजा उत्तानपादाच्या मांडीवर सावत्र भाऊ उत्तम बसलेला पाहून पाच वर्षांचा ध्रुवही तेथे चढू पाहतो. आवडती राणी सुरुची त्याला सुनावते की, या मांडीवर बसायचे असेल तर तिच्या पोटी जन्म घ्यायला हवा होता. ध्रुवाने कोणतीही मनाई मोडलेली नाही, त्याच्या हातून कोणतेही पाप घडलेले नाही. बापाच्या घरातही माया वाटून दिली जाते आणि ती वाटणी आपल्या जन्मावर ठरते, एवढे त्याला कळते. सुरुचीच्या शब्दांइतकीच जड गोष्ट म्हणजे उत्तानपादाचे मौन. तो सारे ऐकतो आणि गप्प बसतो. ध्रुव रडत आईकडे जातो, तेव्हा सुनीतीही सवतीचे बोलणे खोटे आहे असे म्हणत नाही. म्हणजे एकीने दुखावले, दुसरा गप्प राहिला आणि तिसरीला आपली हतबलता मान्य करावी लागली. मोठ्या माणसांचे हे तीन प्रकार पाच वर्षांच्या मुलाला एकाच दिवसात दिसतात.

दीक्षाकथा : पाश्चात्त्य परंपरा आणि रवींद्रनाथ

इंग्रजी समीक्षेत मूल जाणते होण्याच्या कथेला दीक्षाकथा म्हणता येईल अशी संज्ञा रूढ आहे. आदिम समाजांतील वयात येण्याच्या विधींवरून ती घेतलेली आहे. अमेरिकी समीक्षक मॉर्डेकाय मार्कस यांनी १९६० च्या एका लेखात अशा कथांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील मूल उंबरठ्यापर्यंत येते पण तो ओलांडत नाही, दुसऱ्यातील मूल उंबरठा ओलांडते आणि गोंधळात सापडते, तर तिसऱ्यातील मूल निश्चितपणे प्रौढत्वाच्या बाजूला पोहोचते. ही वर्गवारी सोयीची आहे. मात्र मूल कोठवर पोहोचले एवढेच ती मोजते, त्याला ढकलले कोणी हे विचारत नाही.

जेम्स जॉइस यांच्या १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डब्लिनर्स’ या संग्रहातील ‘अ‍ॅरबी’ ही या प्रकारातील सर्वपरिचित कथा आहे. काका-काकूंच्या घरी राहणारा एक मुलगा मित्राच्या बहिणीवर मनोमन भाळतो, जत्रावजा बाजारातून तिच्यासाठी भेट आणण्याचे वचन देतो, काका उशिरा घरी आल्यामुळे बाजार मिटण्याच्या वेळी तेथे पोहोचतो आणि विक्रेत्या मुलीच्या पोकळ थट्टामस्करीकडे पाहता पाहता त्याला आपल्याच वेडेपणाची चीड येते. साध्या प्रसंगात अचानक आतले सत्य उजळून दिसण्याच्या अशा क्षणासाठी जॉइस यांनी धर्माच्या परिभाषेतला साक्षात्कार हा शब्द वापरला. डब्लिनच्या कॅथलिक वातावरणात वाढलेला हा मुलगा अखेरीस जगाला दोष न देता स्वतःकडे बोट दाखवतो. कथेचा शेवट कबुलीच्या अंगाने जातो, म्हणजे एदेनच्या साच्यात बसतो. आयरिश कथाकार फ्रँक ओकॉनर यांनी ‘फर्स्ट कन्फेशन’ या कथेत हाच साचा हसण्यावारी नेला. सात वर्षांचा जॅकी आजीला मारून टाकण्याचा विचार मनात आल्याचे पाप घेऊन थरथरत कबुलीघरात शिरतो, तेथे भलत्याच फळीवर चढून कोसळतो, आणि धर्मगुरू मात्र त्याची बाजू समजून घेऊन त्याला गोळ्या देऊन परत पाठवतो. वसईतील भुईगाव किंवा नंदाखाल येथे पहिल्या कबुलीची तयारी केलेल्या कोणालाही ही कथा परकी वाटू नये. जॅकीला शेवटी एवढेच उमगते की, बहिणीने उभा केलेला बागुलबुवा आणि प्रत्यक्षातला धर्मगुरू यांचा एकमेकांशी संबंध नाही.

याच्या कितीतरी आधी, १८९२ च्या सुमारास, रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘छुटी’ या कथेत ध्रुवाच्या वाटेने जाणारे मूल उभे केले होते. खेड्यात मोकाट वाढलेल्या फटिकला मामा शिकवण्यासाठी कलकत्त्याला आणतो, मामीला तो नकोसा होतो, शाळेत तो मागे पडतो आणि आईकडे जाण्याच्या ओढीत तापाने फणफणून मरणाच्या दारी जातो. फटिकचा दोष एवढाच की त्याचे वय कोणाला कौतुक वाटावे असे राहिलेले नाही आणि घर दुसऱ्याचे आहे. परक्या घरी पाठवलेले मूल हा भारतीय कथेचा हुकमी विषय पुढे मराठीतही वारंवार येतो.

यमू आणि श्याम

मराठी गद्यात मुलाच्या नजरेने घर पाहण्याची सुरुवात कथेआधी कादंबरीत झाली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत यमू ही मुलगी स्वतःची हकीकत स्वतःच सांगते. त्याच सुमारास संमतिवयाच्या प्रश्नावरून महाराष्ट्र ढवळून निघाला होता आणि १८९१ च्या कायद्याने हे वय १० वरून १२ केले. यमूच्या बालपणाचा शेवट लग्नाने, सासरने आणि वैधव्याने होतो, आणि या तीनही गोष्टी तिच्याबाबतीत ठरवणारे लोक तिचे आप्तच असतात. दोषाचा शोध यमूच्या मनात न जाता घराच्या रचनेत जातो, ही दिशा पुढच्या मराठी कथेला येथून मिळाली.

याला मोठा अपवाद साने गुरुजींचा. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक रात्रीमागून रात्री सांगितलेल्या स्वतंत्र गोष्टींचे आहे आणि त्यांतील बऱ्याच गोष्टी कबुलीच्या घाटाच्या आहेत. श्याम मुक्या कळ्या तोडतो, पोहायला घाबरून लपतो, आई त्याला वळण लावते आणि मोठा झालेला श्याम हे सारे आश्रमातील मित्रांसमोर मोकळेपणाने सांगतो. दोष मुलाचा आणि सुधारणा आईची, असे हे नाते आहे. तरीही पुस्तक जसजसे पुढे जाते, तसतशी कर्जाची, जप्तीची आणि घराण्याच्या अब्रूची छाया पडत जाते. श्यामच्या कोणत्याही चुकीशी या संकटांचा संबंध नसल्यामुळे वाचकाला खरा चटका लागतो तो तेथे. एदेनच्या साच्यात सुरू झालेले पुस्तक असे नकळत ध्रुवाच्या साच्याकडे वळते.

नवकथेनंतर : ‘कैरी’ आणि लंपन

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘अभिरुची’, ‘सत्यकथा’ यांसारख्या मासिकांतून नवकथा पुढे आली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही तिची प्रमुख नावे. घटनेची साखळी आणि शेवटचा धक्का यांवर उभी असलेली जुनी गोष्ट मागे सारून या कथेने मनाच्या हालचालींना मध्यभागी आणले आणि त्यामुळे मुलाचे मन हा स्वतंत्र विषय होऊ शकला.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या ‘पिंगळावेळ’ या १९७७ च्या संग्रहातील ‘कैरी’ या दीर्घकथेत आईवडिलांचे छत्र हरपलेले मूल मावशीच्या घरी येते. मावशी त्याच्यावर जीव टाकते, परंतु तिचा स्वतःचा संसार आतून पोखरलेला असतो. मुलाला जग कळते ते मावशीच्या अपमानांतून, म्हणजे त्याच्यावर माया करणाऱ्या एकमेव माणसाला या घरात काडीची किंमत नाही हे हळूहळू लक्षात येण्यातून. ध्रुवाला आईची हतबलता एका क्षणात दिसली, येथे ती महिनोन्‌महिने दिसत राहते. या कथेवर अमोल पालेकर यांनी २००० साली चित्रपट केला.

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांचा लंपन हा मराठीतील बहुधा सर्वांत लाडका कथानायक. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि लेखकाच्या मृत्यूनंतर आलेले ‘झुंबर’ या चार पुस्तकांत पसरलेल्या त्याच्या कथा बेळगावच्या बाजूच्या, मराठी-कानडी मिसळलेल्या गावात घडतात. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी राहणाऱ्या या मुलालाही परक्या घरी पाठवलेलेच म्हणायचे. पण हे घर त्याला मनापासून सामावून घेते आणि फटिकपासून त्याची वाट येथेच वेगळी होते. लंपनची भाषा हा या कथांचा खरा शोध आहे. कोणतीही संख्या सांगताना तो मोठमोठे, विनाकारण नेमके आकडे फेकतो आणि आवडलेल्या, नावडलेल्या किंवा न उमजलेल्या गोष्टींना ‘मॅड’ हे एकच विशेषण लावतो. भावना मोजता येत नाही तेव्हा तो भलतेच काहीतरी मोजतो आणि तिला नाव देता येत नाही तेव्हा सगळ्याच भावनांना एक नाव देऊन मोकळा होतो. वाचक या आकड्यांना हसतो आणि त्यांच्या आडून या मुलाला आईची किती आठवण येते, हे त्याला कळून चुकते. या मालिकेत पुढे वडिलांचा मृत्यू येतो. तेथे कोणी दुष्ट नाही, कोणी पक्षपातही केलेला नाही. ज्यांनी आडोसा दिला त्यांच्याही हाताबाहेरची गोष्ट घडते आणि मोठी माणसेसुद्धा रडतात, कोसळतात, हे त्या मुलाला पाहावे लागते.

ज्यांना आडोसा नव्हता

लंपनच्या कथा वाचताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते : आजी-आजोबांचे घर, गाण्याचा क्लास, शाळा आणि जेवणाची वेळ यांच्या आत निरागसता सुरक्षित राहते. हा आडोसा सर्व मुलांना मिळत नाही. दलित कथेने हे गृहीतकच उघडे पाडले.

बाबुराव बागूल (१९३०–२००८) यांच्या ‘आई’ या कथेचा आरंभ शाळेच्या वर्गात होतो. मास्तर आईवरची कविता शिकवीत आहेत, वर्ग भारावून गेला आहे आणि पांडूही स्वतःच्या आईच्या आठवणीत बुडाला आहे. तेवढ्यात दुसऱ्या मुलांच्या तोंडून त्याच्या आईविषयी आणि मुकादमाविषयी घाणेरडे बोलणे बाहेर पडते, आणि त्याला शिवू नका असेही त्याच दमात बजावले जाते. एकाच वेळी त्याच्या जातीवर आणि त्याच्या आईच्या चारित्र्यावर घाव बसतो, तोही आईची थोरवी शिकवली जात असताना. पुढे पांडूला बापाचा संशय, बापाने आईला केलेली मारहाण आणि वस्तीतील बायकांची कुजबुज आठवू लागते. आजवर वेगवेगळे पडलेले हे तुकडे त्या एका टोमण्याने जुळतात. कथेच्या शेवटी तो आईपासून दूर पळत सुटतो आणि आईला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. बागूल यांची धार अशी की, कष्ट करून मुलाला वाढवणाऱ्या विधवेची बाजू वाचकाला दिसते आणि पांडूला दिसत नाही. मुलाला ‘सत्य’ म्हणून जे कळते ते वस्तीने, जातीने आणि पुरुषी नजरेने रचलेले सत्य असते. ते खरे मानल्यामुळे तो आपल्या बाजूच्या एकमेव माणसाला गमावतो. कळणे म्हणजे शहाणे होणे, हे दीक्षाकथेचे मूळ सूत्रच येथे मोडीत निघते.

ऊर्मिला पवार यांनी ‘कवच’ या कथेत याच प्रसंगाची दुसरी शक्यता मांडली. कोकणातल्या गौऱ्याची आई इंदिरा आंबे विकायला बाजारात जाते. आंब्यांच्या नावावरून पुरुष द्व्यर्थी बोलतात हे गौऱ्याच्या कानांवर आलेले असते आणि आईने बाजारात जाऊच नये असे त्याला वाटत असते. तो तिच्याबरोबर जातो तो शरमेने अर्धा होऊन. गिऱ्हाइकाच्या चावट बोलण्याला आई मात्र तेवढ्याच तिखट शब्दांत उत्तर देते आणि समोरच्याची बोलती बंद होते. पांडू आणि गौऱ्या या दोघांनाही एकच गोष्ट कळते : बाजारातली आणि वस्तीतली माणसे आपल्या आईकडे कोणत्या नजरेने पाहतात. फरक पडतो तो आईला बोलायला जागा मिळते की नाही, यामुळे. सुनीती रडून मान्य करते, पांडूच्या आईचे म्हणणे ऐकलेच जात नाही, इंदिरा मात्र सुरुचीला तोंडावर उत्तर देते. निरागसता येथेही संपते, परंतु तिच्या जागी आलेले ज्ञान मुलाला वापरता येते.

ज्ञान देण्याची जबाबदारी मोठ्यांनीच उचलायची ठरवली तर काय होते, हे माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या ‘श्वास’ (२००४) या संदीप सावंत दिग्दर्शित चित्रपटात दिसते. डोळ्यांच्या कर्करोगामुळे लहान परशुरामची दृष्टी शस्त्रक्रियेनंतर जाणार असते आणि हे त्याला आधी सांगणे भाग असते. सांगायचे कसे या विवंचनेत आजोबा आणि डॉक्टर दोघेही अडकतात. अखेर आजोबा नातवाला डोळे शाबूत असेपर्यंत शहर दाखवायला घेऊन जातात. उत्तानपादाचे मौन मोडण्याची ही धडपड आहे.

मुलाचे डोळे, मोठ्यांचा आवाज

या कथा साधतात कशा, हेही पाहिले पाहिजे. मूल कथा सांगते तेव्हा निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा आवाज, आणि वाचक यांच्या जाणतेपणात अंतर पडते. मूल दाराआडचे बोलणे ऐकते, शब्द जसेच्या तसे सांगते आणि अर्थ वाचक लावतो. पात्राला जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक असण्यातून जो ताण निर्माण होतो, त्याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. हे अंतर फार वाढले तर मूल बावळट वाटते आणि फार कमी झाले तर ते मुलाच्या अंगातील प्रौढ वाटते.

हा तोल सांभाळण्याचे तीन मार्ग मराठीत दिसतात. प्रकाश नारायण संत यांनी मुलाच्या भाषेतच राहण्याचा कठीण मार्ग घेतला, त्यामुळे कोठेही निष्कर्ष न काढता कथा पुढे सरकते. साने गुरुजींनी मोठ्या झालेल्या श्यामला बोलते केले, त्यामुळे आठवण आणि तिचा अर्थ एकाच वाक्यात येतात आणि वाचकाला काय वाटावे हेही ठरून जाते. बागूल तृतीयपुरुषी निवेदन वापरतात. पांडूच्या मनात शिरूनही त्याच्या बाहेर राहण्याची मोकळीक त्यांना हवी आहे, कारण आईची बाजू पांडूच्या तोंडून कधीच सांगता आली नसती. निवेदनाची निवड ही केवळ कारागिरी नसून न्याय कोणाला द्यायचा याचाही निर्णय असतो, हे या तीन कथाकारांना शेजारी शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते.

वसईच्या वाड्या आणि मोठ्यांचे मौन

भुईगावच्या परिसरातील मुलांसमोर गेल्या काही दशकांत असे कळण्याचे प्रसंग वेगळ्या रूपात आले. केळीच्या बागा, पानवेली आणि वाड्यांना पाणी पुरवणारी बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, यांवर उभे असलेले येथील जीवन मुंबईच्या वाढीबरोबर बदलू लागले, जमिनींना भाव आला आणि त्यांच्यामागोमाग गुंडगिरीही आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन त्यातूनच उभे राहिले. पुढे २०२० साली उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ‘सुवार्ता’ या वसईच्या मासिकाचे संपादनही त्यांनी दीर्घकाळ केले. दरम्यान, ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. अशा काळात वाढणाऱ्या मुलाला वाडी विकायची आहे हे एखाद्या दिवशी मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून कळते. त्यात कोणाचे पाप नसते, कर्ज असते, आजारपण असते, भावाभावांतील वाटणी असते, आणि मुलाला यातले काहीही सांगितलेले नसते. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेली कबुली अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण कबूल करण्यासारखे त्या मुलाकडे काहीच नसते. आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखे असते ते बोलत नाहीत.

मुलाचे मन सात वर्षांचे झाले की तेराचे, हा प्रश्न धर्मपीठाने आणि न्यायालयाने सोडवावा. कथा मात्र त्या क्षणी खोलीत हजर असलेल्या मोठ्या माणसांची जबानी घेते : कोण बोलले, कोण गप्प बसले आणि कोणाला बोलू दिले गेले नाही. म्हणून यमू, फटिक, पांडू आणि गौऱ्या यांच्या कथांत नायक मूल असले तरी त्या कथा मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत आणि बालसाहित्याच्या कपाटात त्यांची जागा नाही. त्यांचा खरा वाचक आईबाप, शिक्षक आणि शेजारी आहे, आणि मुलासमोर आपण काय बोललो यापेक्षा काय बोलायचे टाळले, याचा हिशेब या कथा त्याच्याकडे मागतात.